बर्फाचं पाणी मोजायचं कशाने: हीटरवालं नरसाळं की साधं नळकांडं?

रात्रभर बर्फ पडत होता आणि घरच्या हवामान स्टेशनच्या पडद्यावर पावसाची नोंद ०.० मिमी. दुसऱ्या दिवशी दुपारी लख्ख ऊन पडलं, आकाशात ढगाचा ठिपका नाही, आणि नेमका तेव्हा ‘पाऊस’ सुरू झाला! नरसाळ्यात साचलेला बर्फ उन्हाने वितळून टिपिंग बकेटमध्ये, म्हणजे भरली की कलंडणाऱ्या छोट्या वाटीत, ठिबकत होता आणि ती दर ०.२ मिमीला एकदा कलंडत होती. मधल्या काळात वाऱ्याने नरसाळ्यातून किती बर्फ उडवून नेला, त्याची नोंद कुठेच नाही.

उपाय दोन: आहे त्या पर्जन्यमापकाला हीटर बसवायचा, किंवा शेजारी हाताने मोजायचं साधं नळकांडं उभं करायचं. पिझो सेन्सरचा विचार इथे सोडूनच द्या. तो थेंबाच्या आघातावर चालतो, हिमकणांचा आघात त्याला जाणवत नाही.

हीटरची जमेची बाजू म्हणजे वेळ. बर्फ कधी सुरू झाला, जोर कधी होता, कधी थांबला, हे बऱ्यापैकी कळतं आणि बाहेर जावं लागत नाही. पण त्याला सतत वीज लागते, छोट्या सौर पॅनेलवर भागत नाही. ऐन वादळात वीज गेली की पुन्हा गोठलेलं नरसाळं. शिवाय ऊब पाण्याची वाफही करते. भुरभुर बर्फ पडत असेल तर बकेट कलंडण्याआधीच बरंचसं पाणी उडून जातं. हीटर लागलाच तर गोठणबिंदूच्या जरा वर ठेवा. जास्त तापवलं तर आकडा आणखी घटतो.

नळकांड्याचं काम कष्टाचं, पण माझा भरवसा त्याच्यावर आहे. सुमारे १० सेंमी व्यासाचा हा पर्जन्यमापक हौशी निरीक्षकांच्या चांगला ओळखीचा आहे. थंडी सुरू झाली की त्याचं नरसाळं आणि आतली मापनळी घरात आणून ठेवा, नाहीतर पाणी गोठून नळी तडकते. बाहेरच्या रिकाम्या नळकांड्यात बर्फ पडू द्या. सकाळी ते आत आणा, बाहेरून कोरडं पुसा आणि स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर ठेवा. तोंडाचा व्यास १०.१६ सेंमी असेल तर क्षेत्रफळ ८१ चौ. सेंमी भरतं, म्हणजे १ मिमी पाण्याचं वजन ८.१ ग्रॅम. रिकामं नळकांडं ३१० ग्रॅम आणि बर्फासकट ४०७ ग्रॅम भरलं, तर ९७ भागिले ८.१, म्हणजे १२ मिमी. वितळवायची वाटही बघायला नको. काटा नसेल तर मोजून कोमट पाणी ओता, बर्फ वितळला की सगळं मोजा आणि ओतलेलं वजा करा.

वारा मात्र दोघांनाही फसवतो. मापकाच्या तोंडावरून वारा उसळून जातो आणि हलके हिमकण त्याच्याबरोबर पुढे निघून जातात. जोराच्या वाऱ्यात निम्म्याहून जास्त बर्फ हुकू शकतो. हीटर इथे काहीच करू शकत नाही. नळकांडं मात्र दुसऱ्या कामाला येतं. आडोशाच्या पण उघड्या जागी पांढरा रंग दिलेली प्लायवुडची फळी ठेवा. बर्फ थांबला की आधी पट्टीने उंची घ्या, मग नळकांडं उलटं करून सरळ खाली दाबा, खालून पत्र्याचा तुकडा सरकवा आणि नळकांड्यात आलेल्या बर्फाचं तसंच वजन करा. मापकातल्यापेक्षा फळीवरचा आकडा मोठा आला, तर मी फळीचा धरते. नुसत्या उंचीला दहाने भागून पाणी काढू नका; ओला बर्फ ५ सेंमीतच १ सेंमी पाणी देतो, कोरड्या भुसभुशीत बर्फाला २० सेंमीही लागतात.

एकच घ्यायचं असेल तर नळकांडं आणि फळी घ्या. तासातासाची नोंद हवीच असेल किंवा सकाळी घरी कुणी नसेल, तर हीटर. पण तेव्हाही नळकांडं राहू द्या, कारण हीटरचा आकडा किती कमी पडतो हे त्यावरूनच कळेल. आणि हो, त्याचं रिकामं, कोरडं वजन आजच पक्क्या शाईने बुडाशी लिहून ठेवा.