हाय-लँडरला २६५/७० आर१६ टायर, लिफ्ट न करता

पिकअपला मोठे टायर टाकायचे म्हटलं की आपल्याकडे पुढचा प्रश्न ठरलेला असतो: "भाऊ, लिफ्ट किती करशील?" लिफ्ट म्हणजे किट लावून गाडी चाकांवर आणखी उंच करणं. मी लिफ्ट केली नाही, करणारही नाही. गाडी इसुझूची हाय-लँडर. फक्त मागच्या चाकांना ओढ, म्हणजे टू व्हील ड्राइव्ह. शेती जळगाव जिल्ह्यात, सावद्याकडे, केळी. मृगबागेची (मृगाच्या सुमारास लावायच्या केळीची) रोपं, खताच्या गोण्या, ठिबकच्या नळ्या आणि मजूर हे या गाडीचं रोजचं काम. कंपनीचा आकार २४५/७० आर१६. मी एक पायरी वर जाऊन २६५/७० आर१६ घेतला, योकोहामाचा जिओलँडर ए/टी जी०१५. एक अख्खा पावसाळा आणि एक उन्हाळा या टायरवर गेला, आता खात्रीने लिहितो.

आधी हिशेब, कारण दुकानात तो कुणी सांगत नाही. २६५ म्हणजे टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये, ७० म्हणजे त्या रुंदीच्या सत्तर टक्के बाजूची उंची, १६ म्हणजे रिम इंचात. त्यावरून जुन्या टायरची एकूण उंची साधारण ७४९ मिलिमीटर येते, नव्याची ७७७. फरक २८. पण गाडी त्याच्या निम्मीच उचलली जाते, १४ मिलिमीटर. दीड सेंटीमीटरसुद्धा नाही. हे ऐकून बरेच जण तोंड वाकडं करतात आणि तिथेच लिफ्टवाल्याच्या हाती सापडतात.

तर लिफ्टचं. आमच्या शिवाररस्त्यावर ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या खोल पडलेल्या असतात आणि मधे मातीचा उंचवटा राहतो. त्या उंचवट्याला घासतो तो मागच्या अ‍ॅक्सलमधला डिफरन्शियलचा गोळा, म्हणजे वळताना दोन्ही चाकांना वेगवेगळं फिरू देणाऱ्या गिअरची पेटी. लिफ्ट किट बॉडी आणि चेसिस वर नेते. मागचा अ‍ॅक्सल चाकांना धरूनच असतो, तो जागचा हलत नाही. गोळा जमिनीपासून किती उंच राहणार हे फक्त टायर ठरवतो. दोन इंच लिफ्ट केलेल्या गाडीचाही गोळा आहे तिथेच घासणार. पुढून चढताना बंपर वाचतो, मोठ्या दगडावर पोट वाचतं, हे खरं. सातपुड्यात खडकाळ वाटेने रोज जाणाऱ्याने त्याचा विचार करावा. केळीच्या मळ्यात त्याचा उपयोग नाही.

उलट तोटा रोजचा आहे. पोतं खांद्यावरून मागच्या हौद्यात टाकायचं असतं. युरियाची गोणी ४५ किलोची, दाणेदार खताची ५०. हौदा दोन इंच वर गेला की प्रत्येक गोणी दोन इंच जास्त उचलायची, आणि उचलणारा मी नसतो, मजूर असतो. आमच्या आईला केबिनमध्ये चढायला आताच दाराचं हँडल धरावं लागतं. त्यात भरलेल्या गाडीचा तोल वर जातो, वळणावर गाडी जास्त झुकते. पुढच्या सस्पेन्शनचे कोन बदलतात, बॉल जॉइंटवर ताण येतो, अलाइनमेंट टिकत नाही.

कायद्याचीही बाजू आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीच्या मूळ तपशिलाशी न जुळणारा बदल गाडीत करता येत नाही, आणि २०१९ साली सर्वोच्च न्यायालयाने तेच ठासून सांगितलं आहे. टायरचा आकार बदलण्याआधीही विमा कंपनीला लेखी विचारून घ्या. मी विचारलं होतं, उत्तराचा कागद गाडीतच ठेवला आहे. अपघात झाल्यावर हा विषय निघण्यापेक्षा आधी निघालेला बरा.

आता माती. ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप ती तापीकाठची काळी जमीन पावसाळ्यात कशी होते ते इकडच्या माणसाला सांगायला नको. ही माती पाणी पिऊन फुगते आणि टायरच्या खाचांत जाऊन बसते. खाचा बुजल्या की कितीही भारी टायर गुळगुळीत झालाच. इथे दोन मतं ऐकायला मिळतात. एक म्हणतं, मड टेरेन, म्हणजे खास चिखलाचे टायर घ्या, मोठ्या रबरी गोट्यांचे. त्यांच्या खाचा रुंद असतात, चाक जोरात फिरलं की माती फेकली जाते, हे अगदी बरोबर. पण तोच टायर उरलेला वेळ डांबरावर पळणार. सावदा, भुसावळ, जळगाव असं आमचं निम्म्याहून जास्त फिरणं पक्क्या रस्त्याचं. तिथे मड टेरेन घोंगावतो, ओल्या डांबरावर कमी धरतो आणि उन्हाळ्यात तापलेल्या रस्त्यावर लवकर झिजतो. दुसरं मत, ऑल टेरेन (ए/टी, म्हणजे सगळ्या रस्त्यांचे) घ्या आणि हवा कमी करायला शिका. मी दुसऱ्या बाजूचा.

हवा कमी करणं हे टायरच्या आकारापेक्षा मोठं काम करतं, असं माझं ठाम मत झालं आहे. चिखलात शिरण्याआधी हवा २० ते २२ पीएसआयवर आणली की टायर लांबट बसतो, जमिनीला टेकणारा भाग वाढतो, वजन पसरतं. खाली तळ न लागणाऱ्या काळ्या जमिनीत रुंद टायरचा फायदा इथेच होतो, चाक रुतण्याऐवजी वर राहतं. (मुरमाचा कठीण थर खाली असेल तर उलट अरुंद टायर चांगला, तो चिखल कापून थरापर्यंत पोहोचतो.) मात्र डांबरावर येताच हवा पुन्हा भरायची, त्यात हयगय नको. कमी हवेवर वेगाने गेलं तर टायर आतून तापून फाटतो. बारा व्होल्टचा एक छोटा कॉम्प्रेसर आणि एक बरा गेज सीटखाली ठेवा.

आणि हेही सांगतो, मोठा टायर टाकल्याने टू व्हील गाडी फोर व्हील होत नाही. जुन्या टायरवर ज्या बांधाशी गाडी थांबायची तिथून आता निघते. पण मुसळधार पावसानंतर नदीकाठच्या मळ्यात रोपं न्यायला मी अजूनही ट्रॅक्टरच काढतो.

डोंगराच्या बाजूला, पालकडे जाताना नाल्यांत धारदार गोटे असतात. तिथे टायर बाजूने फाटतो, तळातून नाही. टायर घेताना बाजू नीट बघा, आणि उंचीआधी तिच्यावरचा लोड इंडेक्स, म्हणजे टायर किती वजन पेलतो तो आकडा, वाचा. माझ्या टायरवर ११२ आहे, म्हणजे एका टायरला ११२० किलो. जुन्या टायरवर जो आकडा असेल त्याच्या खाली कधीच येऊ नका, दुकानदार कितीही गोड बोलला तरी. तिथेच लंबगोलात चार आकडी शिक्काही असतो. पहिले दोन आकडे आठवडा, पुढचे दोन वर्ष. २३२४ म्हणजे २०२४ सालचा तेविसावा आठवडा. पाचही टायरचे शिक्के मी स्वतः वाचले.

टायर बसवले भुसावळला, हायवेलगतच्या एका जुन्या दुकानात. जळगावात एका ठिकाणी आधी विचारलं होतं. तिथे गाडीकडे न बघताच स्पेसरची (स्प्रिंगपाशी बसवायच्या चकतीची) लिफ्ट आणि २६५/७५ असा जोड सांगितला. तो टायर जुन्यापेक्षा ५४ मिलिमीटर उंच, तो बसवायला काप-छाट करावी लागली असती. भुसावळच्या मिस्त्रींनी आधी विचारलं, "भाऊ, माल किती भरता आणि कुठं चालवता?" मग एकच टायर पुढच्या रिमवर चढवला, गाडी खाली घेतली, स्टिअरिंग दोन्हीकडे शेवटपर्यंत वळवून दाखवलं, आणि मगच बाकीच्या टायरची वेष्टणं काढली. पूर्ण वळवून मागे घेताना आतल्या प्लॅस्टिकच्या पडद्याला किंचित स्पर्श होत होता. त्यांनी तो पडदा क्लिपने मागे ओढून बांधला, कुठेही कापलं नाही. म्हणाले, "लोकं नुसतं दिसायला मोठे टायर टाकून राहिले. आधी घासतं का ते बघा ना." रिमवरची जुनी वजनं काढून नव्याने बॅलन्सिंग, मग अलाइनमेंट, आणि शंभर किलोमीटरच्या आत येऊन नट पुन्हा आवळून घ्या अशी ताकीद. नायट्रोजन घ्या म्हणून आग्रह केला नाही. साध्या हवेतही ७८ टक्के तोच असतो.

चालवताना काय बदललं? वेग पकडणं थोडं जड झालं, रिकाम्या गाडीत दुसऱ्या गिअरमध्ये ते जाणवतं. खड्ड्यांचा दणका कमी झाला, आणि आमच्या रस्त्यांवर ही मला सगळ्यांत मोठी कमाई वाटते. टायर सुमारे पावणेचार टक्के मोठा असल्याने मीटरवर १०० दिसतात तेव्हा चाकाच्या हिशेबाने गाडी १०३ च्या पुढे असते, आणि १०० किलोमीटर चाललात तर मीटर ९६ च्या थोडं वर दाखवतो. मायलेज एकदम पडलं म्हणून घाबरणाऱ्यांनी आधी एवढा फरक जमा धरावा. तो धरूनही डिझेल थोडं जास्त लागतं, टायर जड आहे. ब्रेकही जरा आधी दाबावा लागतो, भरलेल्या गाडीत विशेष.

उन्हाळ्यात आपल्याकडे पारा ४५ च्या आसपास जातो. हवा सकाळी, टायर थंड असताना तपासा. दुपारी गेज जास्त दाखवतो म्हणून हवा सोडली तर सकाळी टायर कमी हवेवर उभा असतो.

पाचवा टायरही त्याच आकाराचा घेतला. खर्च वाढतो, पण मागच्या अ‍ॅक्सलला एकीकडे छोटा आणि एकीकडे मोठा टायर असला तर डिफरन्शियलचे आतले गिअर सरळ रस्त्यावरही सतत फिरत राहतात. जुनीच स्टेपनी ठेवायची असेल तर ती फक्त पुढे लावा आणि पंक्चरच्या दुकानापर्यंतच चालवा. फोर व्हील गाडी असेल तर ही सूटही नाही.

ज्यांची पिकअप फक्त सावदा ते जळगाव डांबरावर पळते त्यांनी जुन्याच आकाराचा चांगला टायर घ्यावा, पैसे आणि डिझेल दोन्ही वाचेल. ज्यांना रोज बांधावर जायचं आहे त्यांना २६५/७० डोळे झाकून सांगतो. भुसावळच्या त्या दुकानात सकाळी लवकर जा. दहानंतर ट्रकांची रांग लागते आणि मग अलाइनमेंटचा नंबर दुपारी येतो.