सोयाबीनच्या हवा-माती-डागीत क्विंटलमागं १० किलो कापले, विकायच्या आधी हे वाचा

ज्यांचं सोयाबीन अजून घरात आहे आणि जे व्यापाऱ्याला फोन करून नुसता भाव विचारतायत त्यांच्यासाठी लिहितोय. भावासोबत कपात विचारा, म्हणजे हवा (ओलावा), माती-कचरा आणि डागी (डाग पडलेले दाणे) यापोटी क्विंटलमागं किती किलो वजन कापणार ते. २०२४ च्या दिवाळीनंतर माझ्या २८ क्विंटलचे कागदावर २५ क्विंटल २० किलो कसे झाले ते सगळं हिशोबासकट सांगतो, थोडं लांबेल पण पूर्ण वाचा.

आम्ही हिंगोली जिल्ह्यातले. त्या वर्षी सोयाबीनचा हमीभाव ४८९२ होता आणि बाजारात माल चार हजार, सव्वाचार हजार असा चाललेला. हमीभाव केंद्रावर जावं तर तिथं १२ टक्क्याच्या वर हवा (म्हणजे मॉइश्चर) निघाली की माल परत, वर ऑनलाइन नोंदणी, मग मेसेजची वाट बघा, त्यात कुठं बारदाना नाही. १५ नोव्हेंबरला केंद्र सरकारनं त्या हंगामापुरती हवेची मर्यादा १५ टक्के केली, पण तोपर्यंत आमच्या भागातल्या कितीतरी लोकांनी माल विकून टाकला होता. हरभरा पेरायचा होता, खत-बियाण्याला पैसे लागत होते, कृषी केंद्रवाल्याची उधारी होती, शेतकऱ्यानं थांबायचं तरी कशाच्या जोरावर.

तर मी रोडवरच्या एका खासगी खरेदीवाल्याला फोन केला, नाव लिहीत नाही. तो म्हणला ४२५० देतो, माल घेऊन या, हवा १०, माती २, डागी २. ही अट आपल्याकडं सगळ्यांना माहिती आहे, तेल काढणाऱ्या प्लांटची अट आहे, की १० टक्क्यापर्यंत ओलावा, २ टक्के माती-कचरा आणि २ टक्के डागी दाणे चालतात, त्याच्या वर निघालं तर कपात. अट वाईट नाही. पण वर निघालं तर किती कापणार, कोणत्या हिशोबानं, आणि मोजणार कोण, हे फोनवर कोणीच सांगत नाही आणि सगळा खेळ तिथंच आहे.

माल घरून निघाला तेव्हा दोन दिवस ताडपत्रीवर ऊन दिलेलं होतं, चाळणी मारलेली होती, गावातल्या शेतकरी कंपनीच्या मीटरवर ११.२ हवा आली होती. वाटेत धर्मकाट्यावर भरलेली ट्रॉली तोलली, माल खाली केल्यावर रिकामी पण तिथंच तोलली, निव्वळ माल २८ क्विंटल. ही काटापट्टी (तोलल्याची पावती) पुढं कामाला आली म्हणून आधीच सांगतो.

तिथं गेल्यावर शेठ गल्ल्यावर, एक पोरगा आला आणि म्हणला काका ट्रॉली लावा, हमाल मोकळे आहेत, खाली करून घेऊ, सॅम्पल काय मागून होतं. ट्रॉलीतला माल सुटा होता, तो ढिगावर पडायला लागला तसं त्यानं फाळक्याजवळ (ट्रॉलीच्या मागच्या दाराजवळ) खालचा जो थर राहतो त्यातून घमेलं भरलं. आता ज्यानं कोणी ट्रॉलीत माल वाहिलाय त्याला माहिती आहे, खराब रस्त्यावर ट्रॉली हादरत जाते तशी बारीक माती, भुसकट, फुटलेली डाळ सगळी खाली बसते आणि चांगला दाणा वर राहतो. तुम्ही तळातून घमेलं भरलं की माती दुप्पट दिसणार, माल कितीही स्वच्छ असो. मी म्हणलं वरून, मधून पण घे, तर म्हणला काका सगळा एकच माल आहे ना तुमचा.

मग मीटर. मीटरसोबत कप येतो, तो पूर्ण भरायचा, सपाट करायचा, आणि मीटरवर पीक सोयाबीनच निवडलेलं आहे का बघायचं, कारण हरभऱ्यावर लावलेल्या मीटरमध्ये सोयाबीन टाकलं तर आकडा वेगळाच येतो. दाणा उन्हात तापलेला असला तरी आकडा फिरतो. त्यानं मुठीनं दाणे टाकले, स्क्रीन त्याच्याच बाजूला, आणि ओरडून सांगितलं १४. मी म्हणलं परत लाव. परत लावलं, १३.१ आलं. एकाच घमेल्यातला माल आणि जवळजवळ एका पॉइंटचा, म्हणजे एका टक्क्याचा फरक! म्हणजे एकतर मीटर बिघडलेलं किंवा लावणारा हात बिघडलेला. शेठ तिकडून म्हणला १४ धरा.

आता कपात बघा. १० ते १२ पर्यंत एका पॉइंटला एक किलो, १२ च्या वर एका पॉइंटला दोन किलो, असे हवेचे झाले ६ किलो. माती ४ निघाली म्हणून २ किलो. डागी ४ म्हणून २ किलो. क्विंटलला १० किलो! २८ क्विंटलला २८० किलो, ४२५० नं ११,९०० रुपये. हमाली, तोलाई याच्यातून वेगळी.

हवेचा खरा हिशोब कोणालाही घरी करता येतो म्हणून लिहितो. १०० किलो मालात १४ टक्के पाणी असेल तर कोरडा माल ८६ किलो. तोच माल १० टक्क्यावर आणला तर वजन भरतं साधारण साडेपंच्याण्णव किलो. म्हणजे त्याचा १४ चा आकडा जरी खरा मानला तरी घट साडेचार किलोच्या आत बसते, त्यानं ६ कापले. आणि आमच्या ११.२ च्या हिशोबानं तर घट जेमतेम सव्वा-दीड किलो. नुसत्या हवेत साडेपाच हजार गेले. त्यात डागीची गोष्ट तर मला अजून पटत नाही, माती प्लांट घेत नाही हे समजतं, पण डागी दाणा खरेदीवाला काय फेकून देतो का, तो पण त्याच ढिगात जातो, त्याच ट्रकमध्ये भरतो, मग पूर्ण किलोच्या किलो कापायचं कशाला.

मी म्हणलं पटत नाही, माल भरून द्या. तर उत्तर काय, भरून न्या की, खाली करायची हमाली द्या, भरायची हमाली द्या. ट्रॅक्टर भाड्याचा, माल त्याच्या ढिगात अर्धा मिसळलेला, संध्याकाळ झालेली. लोक याच वेळेला हो म्हणतात आणि त्याला ते पक्कं माहिती असतं, म्हणून तर सॅम्पलच्या आधी माल खाली करायची घाई.

सगळ्यात वाईट वाटलं ते चिठ्ठी बघून. साध्या कागदावर कच्ची चिठ्ठी, वर नाव नाही शिक्का नाही, लिहिलेलं काय तर वजन २५.२०, भाव ४२५०. कपातीचा उल्लेखच नाही! म्हणजे उद्या तक्रार करायची म्हणलं तर कागदावर कपात झालीच नाही, शेतकऱ्यानं आणलाच तेवढा माल. पैसे पण त्या दिवशी अर्धेच दिले, बाकीचे पुढच्या आठवड्यात.

माझ्याकडं दोन गोष्टी होत्या, धर्मकाट्याची काटापट्टी आणि घरून निघायच्या आधी ढिगातून वेगवेगळ्या जागचा काढून प्लास्टिकच्या पिशवीत गच्च बांधून ठेवलेला दोन किलो नमुना. हा नमुना आणखी दोन ठिकाणच्या मीटरवर लावला, ११.३ आणि ११.५ आलं. हे घेऊन बाजार समितीत लेखी अर्ज दिला, पोच घेतली. खरेदीवाल्याला बोलावलं, तो म्हणला शेतकऱ्याच्या संमतीनं झालंय, चिठ्ठीवर २५.२० आहे. काटापट्टी समोर ठेवली तेव्हा गप्प झाला. शेवटी हवेची जादा कपात परत द्यायचं कबूल केलं आणि त्यातले अर्धेच दिले. माती-डागीचा एक रुपया नाही, कारण तो नमुना त्याच्याकडंच होता आणि तो म्हणे फेकून दिला.

त्यामुळं आता सांगतो ते करा. सॅम्पल झाल्याशिवाय फाळका उघडू देऊ नका. पोत्यात माल असेल तर वेगवेगळ्या पोत्यांमधून परखी (पोत्यात खुपसून नमुना काढायची नळी) मारायला लावा, सुटा असेल तर वरून, मधून, खालून असा पाच-सहा जागचा घ्यायचा, एकत्र मिसळायचा, ढिगाचे चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन ठेवायचे, परत तसंच, आणि उरतो तो नमुना. त्यातला अर्धा तुमच्या पिशवीत, सही करून. मीटर तीनदा लावायला सांगा, स्क्रीन तुम्हाला दिसली पाहिजे, मोबाईलमध्ये फोटो काढा, काढू देत नसेल तर तिथून ट्रॅक्टर वळवा. एका पॉइंटला किती किलो कापणार ते आधी लिहून घ्या. काट्यावर वैधमापन विभागाचा चालू वर्षाचा पडताळणी शिक्का आहे का बघा, ही पडताळणी दरवर्षी करावी लागते. आणि पट्टीवर (विक्रीच्या हिशोबाच्या पावतीवर) एकूण वजन, कपात, निव्वळ वजन असे तिन्ही आकडे वेगळे मागा.

बाजार समितीच्या आवारात लिलावात विकलं तर निदान माल बघून बोली लागते, आणि एकदा माल बघून भाव लागला की वजनाला परत मातीचं कारण काढायला जागा राहत नाही. तिथं पण काही ठिकाणी सॅम्पलच्या नावाखाली दोन-दोन किलो माल उचलतात ते वेगळं. लगेच पैशाची गरज असेल तर शेतमाल तारण योजना विचारा, पणन मंडळाची जुनी योजना आहे, सोयाबीन बाजार समितीच्या गोदामात ठेवलं तर किमतीच्या ७५ टक्क्यापर्यंत कर्ज सहा महिन्यासाठी ६ टक्के व्याजानं मिळतं. सगळ्या समित्या राबवत नाहीत, तुमच्याकडं चालू आहे का ते जाऊन विचारावं लागेल.

हा वाद काय फक्त आपल्याकडं नाही. कॅनडात तर गव्हाच्या, कॅनोलाच्या (मोहरीसारखं तेलबियांचं पीक) शेतकऱ्यांचा ग्रेन एलेव्हेटरवाल्याशी (धान्य घेऊन साठवणाऱ्याशी) याच माती-कचऱ्यावरून, ओलाव्यावरून वाद होतो, पण तिथं कायद्यानं सोय आहे, शेतकऱ्याला ग्रेड किंवा कपात पटली नाही तर नमुना सरकारी ग्रेन कमिशनकडं जातो आणि त्यांचा निकाल दोघांना मानावा लागतो. आपल्याकडं जो माल विकत घेतो तोच मीटर लावतो, तोच आकडा ओरडतो आणि तोच नमुना फेकून देतो. प्रत्येक बाजार समितीत एक तटस्थ मीटर आणि एक माणूस बसवायला असा किती खर्च येतो?

आमच्या आजूबाजूच्या गावातले काहीजण मिळून बाजार समितीला आणि जिल्हा उपनिबंधकाला एकत्र अर्ज देतोय, खासगी खरेदीवाल्यांनी पट्टीवर कपात लिहायचीच असा. तुमच्याकडं अशी कच्ची चिठ्ठी पडलेली असेल तर फाडू नका, मागं तारीख, घरून निघालेलं वजन आणि किती कापलं ते आजच लिहून ठेवा आणि फोटो काढून ठेवा, तुमच्या तालुक्यात असाच अर्ज द्यायला उपयोगी पडेल.