बाजारातली 'पाळीची पुडी': सुंठ कमी, साल जास्त

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका आठवडी बाजारात जडीबुटीच्या दुकानावर पाळीच्या कळांवरची ही पुडी मिळते. कागदात बांधलेली, वर ना तारीख ना घटक. विचारलं की सांगतात, सुंठ, ओवा, बडीशेप अन् अशोकाची साल. चमचाभर पूड गरम पाण्यातून दोन वेळा घ्यायची.

मुळात ही चारही एकाच रीतीनं घ्यायची औषधं नाहीत. सालीचा काढाच लागतो : एक भाग भरड सालीला सोळा भाग पाणी, मंद आचेवर चौथा हिस्सा उरेस्तोवर. नुसत्या गरम पाण्यात तिचा अर्क फारसा उतरत नाही. ओवा-बडीशेप तेवढा वेळ उकळली तर सुगंधी तेल वाफेबरोबर उडून जातं. त्यांच्यावर उकळतं पाणी ओतून दहा मिनिटं झाकण ठेवायचं. सुंठ पूड करून तशीच घेतलेली बरी.

शिवाय अशोकाच्या सालीचा परंपरेतला मुख्य वापर जास्त रक्तस्रावावर आहे, कळांवर नव्हे. साल सीताअशोकाची हवी, ज्याला केशरी-लाल फुलांचे गुच्छ येतात. शाळेच्या कुंपणाशी सरळ उंच वाढतो तो अशोक म्हणजे झाडच वेगळं, आणि भेसळ त्याच्याच सालीची होते. पूड झाल्यावर डोळ्यांनी ओळखणार कोण? जिभेवर चिमूट ठेवली तर ही पुडी तुरट लागते, सुंठीचा झटका अगदी मागून येतो. म्हणजे भर सालीचीच.

पाळीच्या कळा गर्भाशयात तयार होणाऱ्या प्रोस्टाग्लँडिन नावाच्या रसायनामुळे येतात. त्यावर सुंठीच्या चाचण्या झाल्या आहेत : दिवसाला पाऊण ते दोन ग्रॅम, पहिले तीन-चार दिवस. घरी करायचं तर पाव चमचा सपाट पूड, म्हणजे साधारण अर्धा ग्रॅम, जेवणानंतर दिवसातून तीनदा. कळ सुरू होताच घ्यावी. दुपारपर्यंत थांबलं तर उपयोग कमी होतो. उपाशीपोटी घेतली की छातीत जळजळते. चुन्यानं पांढरीफटक केलेली सुंठ घेऊ नका. मातकट, मोडताच वास येणारी घ्या अन् महिन्यापुरतीच कुटा, कारण पूड केल्यावर वास लवकर उडतो.

या पुडीला पाचपैकी दोन गुण, तेही त्यातल्या सुंठीपुरते. त्याच पैशात किराण्यातून अख्खी सुंठ आणि बडीशेप आणलेली परवडते.

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील किंवा दिवस राहिल्याची शंका असेल तर ही पुडी किंवा सुंठ घेऊ नये. तासाला कपडा किंवा पॅड भिजत असेल, दुखणं दर महिन्याला वाढत असेल, पाळी नसतानाही ओटीपोट दुखत असेल, तर पुडीत वेळ घालवू नका. आपल्याकडे सिकलसेलचे, म्हणजे रक्ताच्या एका आनुवंशिक आजाराचे, पेशंट बरेच आहेत. अशा मुलीच्या पाळीत पोटाबरोबर हातपाय, छातीही दुखू लागली तर ती पाळीची कळ समजून घरी ठेवू नका, थेट दवाखान्यात न्या.