ब्रोकोलीवरचे ‘सेंद्रिय’ औषध आणि माझी फसवणूक

गच्चीवर ब्रोकोली लावणाऱ्या आणि तिच्या किडीसाठी ‘शंभर टक्के सेंद्रिय’ औषध ऑनलाइन मागवणाऱ्या प्रत्येकाने हे वाचावे. माझे एकूण ४,३२९ रुपये गेले. त्याहून मोठा संताप याचा आहे की, जी फवारणी टाळण्यासाठी मी पुण्यात घरी भाजी पिकवते, तसलेच काहीतरी मी स्वतःच्या हाताने गड्ड्यांवर मारले.

रोपे, पिशव्या आणि कोकोपीट यांचा संच एका ऑनलाइन विक्रेत्याकडून १,८५० रुपयांना आला आणि रोपे चांगली निघाली. विश्वास बसला तो त्यामुळेच. थंडी सुरू होताच पानांवर चौकोनी ठिपक्यांच्या पतंगाच्या अळ्या दिसू लागल्या. त्याच विक्रेत्याने कडूनिंब, करंज आणि गोमूत्र यांचे मिश्रण म्हणून अर्ध्या लिटरची बाटली ६९० रुपयांना पाठवली. फवारल्यावर अर्ध्या तासात अळ्या टपाटप खाली पडल्या आणि मावा ही कीड खाणारे उपयोगी ढालकिडेही कुंडीत उलटे पडलेले दिसले.

लक्षात यायला हवे होते ते तिथेच. कडूनिंबातील अझाडिरॅक्टिन असे झटपट मारत नाही. त्याने अळीचे खाणे थांबते, तिला कात टाकता येत नाही आणि परिणाम दिसायला काही दिवस जातात. शिवाय निंबोळी तेलाचा उग्र वास घरभर राहतो. या बाटलीला मात्र रॉकेलसारखा वास होता. पण पीक वाचल्याचा आनंद झालेल्या माणसाला औषध लागू पडल्याची शंका कशी यावी? मी विचारलेही होते. ‘अर्क संपृक्त आहे’ असे उत्तर आले, आणि मी १,२९० रुपयांची लिटरची बाटली मागवली.

त्या बाटलीवर पानाफुलांचे सुंदर चित्र होते. नोंदणी क्रमांक, बॅच क्रमांक, उत्पादनाची तारीख यांपैकी काहीच नव्हते. कीटकनाशक कायदा, १९६८ नुसार निंबोळीवर आधारित कीटकनाशकालाही नोंदणी लागते, आणि वेष्टनावर विषारीपणा दाखवणारा लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा रंग असतो. तो नसेल तर बाटली उघडूही नका. आत काय आहे हेच ठाऊक नसेल, तर फवारणीनंतर किती दिवसांनी भाजी खावी हे कोण सांगणार? तयार झालेले सगळे गड्डे मी फेकून दिले.

पैसे परत मागितल्यावर ‘पडताळणी शुल्क’ म्हणून ४९९ रुपये भरायला लावले आणि मग माझा क्रमांक ब्लॉक केला. परतावा देणारा कधीही आधी पैसे मागत नाही, आणि पैसे घेण्यासाठी यूपीआय पिन टाकावा लागत नाही.

यानंतर जे झाले ते अधिक चीड आणणारे आहे. पोलीस ठाण्यात ‘एवढ्याशा रकमेसाठी?’ असे ऐकावे लागले. कृषी कार्यालयात पहिला प्रश्न आला, ‘सातबारा आहे का?’ मी शेतकरी नाही, म्हणून मला विकलेले बेकायदा औषध बेकायदा राहत नाही काय? बाटली उघडलेली असल्याने नमुना घेता येणार नाही, असे सांगून त्यांनी मला ग्राहक तक्रारीकडे पाठवले; तिथे विक्रेत्याचा पत्ता हवा होता, आणि पार्सलवरचा पत्ता खोटा निघाला. विनापरवाना कीटकनाशक विकणाऱ्याला शोधणे हे कोणाचे काम आहे, हे एकाही टेबलावर मला कोणी सांगितले नाही.

औषध परवानाधारक कृषी सेवा केंद्रातूनच, पक्के बिल घेऊन घ्या. अळ्या थोड्या असतील तर सकाळी पान उलटून हाताने वेचा; मावा आणि पांढऱ्या माशीसाठी पिवळे चिकट सापळे लावा; ५ टक्के निंबोळी अर्क घरीही करता येतो. पैसे गेल्याचे कळताच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा, उद्यावर टाकू नका. उरलेले औषध मोरीत ओतू नका. मी दोन्ही बाटल्या आणि व्यवहारांचे क्रमांक जपून ठेवले आहेत, आणि कृषी कार्यालयाकडे आता लेखी उत्तर मागितले आहे.