तलावाला फेऱ्या की जिमची फी? चाळिशीनंतरचा हिशेब

माझा मावसभाऊ ४६ वर्षांचा, सोलापुरात चाटी गल्लीत कापडाचं दुकान, दिवसभर गल्ल्यावर बसून. साखर काठावर आल्यावर परवा त्यानं विचारलं, "दादा, सकाळी सिद्धेश्वर तलावाकडं चालायला जाऊ की जिमला पैसे भरू? दोन्ही मला जमायचं नाही." चालणं फुकट, जिम महाग, एवढीच तुलना त्याच्या डोक्यात होती. खरा फरक स्नायूच्या आत आहे, म्हणून तिथूनच सुरुवात केली.

सुतात वाढलेल्या माणसाला हे सांगणं सोपं. दंडाची बेटकुळी म्हणजे पातळ आवरणात गुंडाळलेल्या जुड्या. प्रत्येक जुडीत केसासारखे तंतू, आणि असा प्रत्येक तंतू म्हणजे एकच लांबलचक पेशी. तिच्या आत आणखी बारीक सूत, आणि त्या सुताचे ओळीनं लागलेले तुकडे म्हणजे सार्कोमिअर. एकाची लांबी साधारण २ ते २.५ मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरभर जागेत चारशेच्या वर मावतात. त्यात ॲक्टिनचे पातळ धागे आणि मायोसिनचे जाड धागे एकमेकांत शिरलेले.

गंमत अशी की स्नायू आखडतो तेव्हा यातला एकही धागा आखूड होत नाही. दोन फण्यांचे दात एकमेकांत सरकावेत तसे ते सरकतात. १९५४ साली शास्त्रज्ञांच्या दोन वेगवेगळ्या जोड्यांनी हे एकाच वेळी मांडलं, आणि दोन्हींत हक्सली आडनावाचा एकेक जण होता. त्यांचं आपसात नातं नव्हतं. मज्जातंतूचा निरोप आला की पेशीतल्या साठ्यातून कॅल्शियम सुटतं, ॲक्टिनवरचं झाकण बाजूला होतं, मायोसिनची मुंडकी त्याला पकडून ओढतात. पकड सोडायला मात्र एटीपी, म्हणजे पेशीचं इंधन, लागतं. मेल्यावर अंग ताठतं ते त्यामुळंच: एटीपी संपलं, पकड सुटत नाही.

इथपर्यंत चालणं आणि वजन उचलणं सारखंच. फरक पडतो कुठले तंतू कामाला लागतात त्यात. कोंबडीची तंगडी गडद आणि छाती पांढरी का, हे कधी विचारलंत? तंगडीला दिवसभर राबायचं असतं, म्हणून तिच्यात ऑक्सिजन धरून ठेवणारं लाल द्रव्य भरपूर. हे संथ तंतू. पांढरे, वेगवान तंतू झटक्यात जोर देतात आणि लवकर दमतात. माणसात दोन्ही प्रकार एकाच स्नायूत मिसळलेले असतात. पोटरीच्या आतल्या थरात बहुतेक संथ तंतू.

शरीर काटकसरी आहे. आधी संथ तंतूंच्या लहान तुकड्यांना बोलावतं. भार वाढला किंवा ते थकले, तरच वेगवान तंतूंना हाक. तलावाकडं रमतगमत कितीही चाललं तरी हे वेगवान गडी जवळजवळ झोपलेलेच राहतात. आणि वयाबरोबर जास्त झिजतात ते हेच. ओल्या फरशीवर पाय घसरला की क्षणात सावरणारे तेच.

मग चालणं कमी का? अजिबात नाही. नेटानं, दम लागेल असं चाललं तर हृदय सुधारतं, संथ तंतूंतल्या ऊर्जेच्या भट्ट्या आणि बारीक रक्तवाहिन्या वाढतात. काम करणारा स्नायू रक्तातली साखर ओढून घेतो, मग तो चालो की वजन उचलो. फक्त एप्रिल-मेमध्ये आपल्याकडं पारा ४०च्या वर जातो, तेव्हा उन्हं चढायच्या आत परत यायला हवं. ते किती जणांना जमतं, मला माहीत आहे.

जिमची खरी अडचण पैसा नाही, दुसरा दिवस आहे. वजन खाली आणताना स्नायू ताणला जात असतानाच जोर लावत असतो. सूक्ष्म इजा होते ती त्यातच. मग २४ ते ७२ तास जिना उतरवत नाही. "लॅक्टिक ॲसिड साचलंय" असं जिममध्ये सांगतात ते चूक, ते तासाभरात निघून जातं. या दुखण्याला घाबरून नवखे पळतात. मीही वर्षाची फी भरून दोनच महिने गेलो होतो. सुरुवात हलकी ठेवली तर दुखणं कमी, आणि पुढच्या वेळी आणखी कमी.

न हलताही स्नायू काम करतो. संक्रांतीला सिद्धेश्वराच्या यात्रेत नंदीध्वजाची उंच काठी पेलून स्तब्ध उभा राहणारा माणूस पाहा. काठी जागेवर, पण कमरेपासून मांडीपर्यंत सगळे धागे पकड धरून.

माझा कौल असा: एकच निवडायचं असेल आणि जिना चढताना धाप लागत असेल, तर आधी चालणं. आधीच रोज चालत असाल, तर चालणं वाढवण्यापेक्षा जोराचं काम जोडा. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम श्रम आणि दोन दिवस स्नायूंची ताकद वाढवणारा व्यायाम सांगते; त्या दोन दिवसांसाठी जिमच हवी असं नाही. बैठका चालतात, भिंतीला टेकून जोर चालतात. रक्तदाब असेल तर डॉक्टरांना विचारून, आणि श्वास न कोंडता.

भावाला म्हटलं, गल्ल्यावरच्या खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठ-बस, दिवसातून तीनदा. सोपं वाटायला लागलं की हातात कापडाचा तागा घे. त्यानं थोडा विचार केला. "गिऱ्हाईक समोर असताना?"

"नसताना," म्हटलं. "दुपारी कोण येतंय?"