वॉल्ट्झ की पोल्का?

दोन्ही नाच जोडीनं, गिरक्या घेत करायचे आणि दोन्हींची मुळं मध्य युरोपातल्या लोकनृत्यांत. वॉल्ट्झ तीन मात्रांचा, पहिल्या मात्रेवर जोर देत तरंगत जाणारा. पोल्का दोन मात्रांचा, चपळ, उड्यांचा.

वॉल्ट्झला जागा मिळवायला झगडावं लागलं. ऑस्ट्रिया आणि दक्षिण जर्मनीतल्या लेंडलर या लोकनृत्याशी नातं सांगणारा हा नाच अठराव्या शतकाच्या अखेरीस व्हिएन्नाच्या नृत्यगृहांत रुळला. मिन्युएट या दरबारी नाचात जोडीदार अंतर राखून असत, इथे मात्र पुरुषाचा हात थेट स्त्रीच्या कमरेवर! युरोपातल्या सत्तांच्या १८१४-१५ च्या व्हिएन्ना परिषदेत जमलेल्या पाहुण्यांमुळे त्याची कीर्ती पसरली. पण १८१६ मध्ये लंडनच्या राजदरबारी समारंभात तो झाला, तेव्हा ‘द टाइम्स’नं त्याला असभ्य ठरवून पालकांना सावध केलं. एका नाचानं स्त्री-पुरुषांच्या जवळिकीची सार्वजनिक मर्यादाच हलवली, हे मला फार मोठं वाटतं.

ती वाट मोकळी झाल्यावर पोल्का आला. १८३० च्या दशकात बोहेमियात, म्हणजे आजच्या चेक प्रजासत्ताकातल्या प्रदेशात, तो लोकप्रिय झाला आणि १८४४ पर्यंत पॅरिस-लंडनला त्याचं वेड लागलं.

डौल हवा तर वॉल्ट्झच. तरी प्रसाराच्या बाबतीत मला पोल्काचं जास्त कौतुक, कारण त्याला झुंबरांची गरज पडली नाही. चेक आणि जर्मन स्थलांतरितांनी अकॉर्डियनसह तो टेक्सासला नेला आणि उत्तर मेक्सिकोच्या नोर्तेन्यो संगीतात त्याचा ठेका आजही वाजतो.