क्रोमियम ट्रायआयोडाइड की पीळ दिलेलं ग्राफीन?

पीएचडीसाठी द्विमितीय चुंबकत्व (म्हणजे जेमतेम काही अणूंच्या जाडीच्या थरांतलं चुंबकत्व) घ्यायचं ठरलंय, पण पदार्थ कोणता यावर घोडं अडलंय, अशांसाठी हे लिहितोय.

क्रोमियम ट्रायआयोडाइडमध्ये चुंबकत्व अणूंपाशी असतंच. प्रत्येक क्रोमियम आयनावर तीन विजोड इलेक्ट्रॉन, आणि शेजारच्या आयनांशी त्यांचा संवाद आयोडीनमार्फत. स्पिनना, म्हणजे इलेक्ट्रॉनांच्या अंगच्या चिमुकल्या चुंबकांना, सगळ्या दिशा सारख्याच असत्या, तर दोन मितींत निरपेक्ष शून्याच्या वर कुठल्याही तापमानाला एका दिशेने रांगेत राहण्याची त्यांची शिस्त टिकली नसती. इथे थराला लंब दिशा त्यांना जवळची वाटते, म्हणून 2017 मध्ये एकाच थरात सुमारे 45 केल्विनपर्यंत लोहचुंबकत्व (सगळे स्पिन एकाच दिशेने) दिसलं. परावर्तित प्रकाशाचं ध्रुवण किती फिरलं यावरून ते मोजता येतं. दोन थर घेतले की ते एकमेकांविरुद्ध चुंबकित होतात आणि गेटच्या (नमुन्यालगतच्या विद्युताग्राच्या) व्होल्टेजने ही मांडणी बदलता येते. त्रास एकच, पण मोठा: हवा लागली की नमुना लगेच खराब होतो. ग्लोव्हबॉक्स (आत हवा नसलेली, हातमोज्यांतून काम करायची बंद पेटी) नसेल तर या वाटेला जाऊच नका.

ग्राफीन म्हणजे एका अणूच्या जाडीचा कार्बनचा थर. पीळ दिलेल्या ग्राफीनमध्ये चुंबकीय अणू एकही नाही, निव्वळ कार्बन. दोन थरांमध्ये सुमारे 1.1 अंशांचा पीळ दिला की इलेक्ट्रॉनांचा बँड (त्यांना मिळू शकणाऱ्या ऊर्जांचा पट्टा) जवळजवळ सपाट होतो. गतिज ऊर्जा इतकी घटते, की इलेक्ट्रॉनांचं एकमेकांना ढकलणंच वरचढ ठरतं. 2018 मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीत यातून अतिवाहकता (वीज विनारोध वाहणं) मिळाली. 2019 मध्ये स्टॅनफर्डला, बँड तीन चतुर्थांश भरल्यावर, चुंबकत्व मिळालं, आणि तेही मुख्यतः स्पिनचं नव्हे, तर इलेक्ट्रॉनांच्या कक्षीय गतीचं! मला आजही हे विलक्षण वाटतं. इलेक्ट्रॉनांची घनता गेटने बदलायची आणि एकाच नमुन्यात एकामागून एक अवस्था बघायच्या, ही सोय दुसरीकडे सहज मिळत नाही.

पण कोन जरा हलला की सगळं बिघडतं, एकाच नमुन्यात तो जागोजागी वेगळाही असतो, आणि मोजमापाला काही केल्विनच्याही खालचं तापमान लागतं.

प्रकाशीय प्रयोगांची आवड असेल आणि लवकर ठोस निकाल हवे असतील, तर क्रोमियम ट्रायआयोडाइड घ्या. इलेक्ट्रॉनांच्या परस्परक्रियेतून चुंबकत्व मुळात जन्मतं कसं, हाच तुमचा प्रश्न असेल, तर मी बिनदिक्कत ग्राफीन सुचवेन. मुंबईत टीआयएफआरमध्ये (टाटा मूलभूत संशोधन संस्थेत) त्यावर काम झालेलं आहे. मात्र कुठेही प्रवेश घेण्याआधी तिथल्या विद्यार्थ्यांना विचारा: दहा नमुने बनवले तर हव्या त्या कोनाचे किती निघतात?